‘हे ठिकाण का निवडलंत?’ : एव्हरेट ली, माझी प्रश्नावली आणि कारखान्याचा तळ

माझ्या पहिल्या प्रश्नावलीत अकरावा प्रश्न असा होता : ‘राहण्यासाठी हे ठिकाण आपण का निवडले?’ खाली सहा पर्याय. जास्त मजुरी, नातेवाईक जवळ, पाण्याची सोय, शाळेची सोय, ओळखीची माणसं आणि शेवटी ‘इतर’. गाईडनी पाहिली, सही केली. मलाही ती नीटनेटकी वाटली होती.

मग पायलटसाठी मंठा तालुक्यातल्या एका तांड्यावर गेलो. पाडवा होऊन गेला होता, ऊसतोडीच्या टोळ्या परत आल्या होत्या. कर्नाटकात बागलकोटकडे बरेच हंगाम जाऊन आलेल्या एका काकूंना मी हा प्रश्न वाचून दाखवला. त्यांनी तो पुन्हा एकदा वाचायला लावला. मग म्हणाल्या, “सर, निवडायला ती काय सोयरीक हाय का? मुकादमानं टोळी जिथं लावली, तिथं आम्ही कोपी घातली.”

मी ‘इतर’वर खूण केली. त्या दिवशीच्या जवळजवळ सगळ्याच फॉर्मवर ‘इतर’ आलं. सगळी माणसं ‘इतर’मध्ये जायला लागली की समजायचं, प्रश्न विचारणाऱ्याचं चुकलंय. हा प्रश्न माझ्याकडे आला कुठून, ते शोधायला मी मागे गेलो आणि एका साठ वर्षं जुन्या लेखापाशी पोचलो. तुम्ही स्थलांतरावर सिनॉप्सिस लिहिणार असाल, तर तो लेख तुमच्याही वाटेत येणार आहे. म्हणून आज त्याच्याबद्दल.

आधी तुमचंच उदाहरण घेऊ. समजा, जालन्याहून तुम्ही पीएचडीसाठी हैदराबादला निघालात. गच्चीबावलीतलं केंद्रीय विद्यापीठ असेल किंवा तारनाक्याजवळचं इफ्लू. आपल्या आजोबांच्या पिढीला हैदराबाद परराज्य नव्हतं, १९५६पर्यंत मराठवाडा त्याच राज्यात होता. तरी आज तुम्हाला राहायचं कुठे हे ठरवावं लागतंच. होस्टेल मिळेल का? नाही मिळालं तर रूमचं भाडं किती, मेस कशी, लायब्ररी किती लांब? आधी गेलेला एखादा सीनियर सांगतो, ‘त्या गल्लीत घेऊ नको, पाणी येत नाही.’ तुम्ही चार जागा बघता, एक घेता, पटली नाही तर तीन महिन्यांनी बदलता. मी स्वतः एका कोर्ससाठी तिथे काही महिने होतो, तेव्हा दोनदा रूम बदलली.

एव्हरेट ली यांचा ‘अ थिअरी ऑफ मायग्रेशन’ हा लेख १९६६ साली ‘डेमोग्राफी’ या नियतकालिकात आला. वरचं उदाहरण त्यात अगदी चपखल बसतं. ली चार गोष्टी मांडतात : निघण्याच्या ठिकाणचे घटक, पोचण्याच्या ठिकाणचे घटक, मधले अडथळे आणि व्यक्तिगत घटक. प्रत्येक ठिकाणी काही गोष्टी माणसाला ओढतात, काही दूर लोटतात आणि काहींनी त्याला फरक पडत नाही. त्यासाठी त्यांनी अधिक, उणे आणि शून्य अशी चिन्हं वापरलीत. आपल्या नेट-सेटच्या गाईडांमध्ये याचंच ‘पुश-पुल’ होतं : डावीकडे दुष्काळ, उजवीकडे मजुरी, मध्ये बाण. शून्य गळून पडतं. मधले अडथळे एका ओळीत उरकतात. व्यक्तिगत घटक तर बहुतेक वेळा येतच नाहीत.

मूळ लेख याहून बराच शहाणा आहे. पोचण्याच्या ठिकाणाबद्दल माणसाला आधी पुरती माहिती क्वचितच असते, हे ली सांगतात. स्थलांतर ठरलेल्या वाटांनीच होतं, हेही सांगतात. इतकंच काय, जाणारा प्रत्येक जण स्वतः निर्णय घेतो असं नाही, लेकरं आणि बायका दुसऱ्याच्या निर्णयामागे जातात, हेही त्यांनी नोंदवलंय. म्हणजे ‘ली यांना हे कळलंच नाही’ असं वाक्य प्रबंधात टाकायची घाई करू नका. व्हायवात कुणीतरी मूळ लेख वाचलेला निघतो.

माझी खरी फजिती वेगळ्याच ठिकाणी झाली. लेखाच्या सुरुवातीलाच ली स्थलांतराची व्याख्या करतात : राहण्याचं ठिकाण कायमचं किंवा अर्धकायमचं बदलणं. व्याख्या बरीच सैल आहे, पण तिच्यातून ते काही जणांना स्पष्टपणे वगळतात. भटके लोक आणि कामासाठी सतत फिरणारे मजूर त्यात येत नाहीत, कारण त्यांना दीर्घकाळ राहण्याचं असं एक ठिकाण नसतं. म्हणजे ऊसतोड कामगारांसाठी आपण ज्या लेखाचा आधार घेतो, त्याच लेखाने अशा मजुरांना दारातच थांबवलेलं आहे. मी सिनॉप्सिसमध्ये ‘ली यांच्या सिद्धांतानुसार’ असं तीनदा लिहिलं होतं. लेख वाचला नव्हता, गाईड वाचलं होतं.

आता तुम्ही म्हणाल, व्याख्या बाजूला ठेवून चौकट वापरली तर काय बिघडतं? बघू या. ऊसतोडीला निघालेली जोडी कुठे राहणार हे कशावर ठरतं?

पहिली गोष्ट उचल. पावसाळ्यात, घरात पैसा नसताना, मुकादम आगाऊ रक्कम देतो. ती ‘कोयत्या’वर मिळते. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. मुकादमाचा करार कारखान्याच्या वाहतूक ठेकेदाराशी असतो. कोणता कारखाना हे तिथेच ठरतं. जोडीने दसरा-दिवाळीच्या सुमाराला फक्त निघायचं.

दुसरी गोष्ट वाहन. बैलगाडीने ऊस वाहणारी टोळी असेल, म्हणजे ‘गाडी सेंटर’, तर रोज कारखान्यावर खेप असते. म्हणून कोप्या कारखान्याजवळच्या तळावर पडतात, दाटीने, ओळीने. ट्रक-ट्रॅक्टरवर डोक्याने मोळ्या चढवणारी टोळी असेल, म्हणजे ‘डोकी सेंटर’, तर मुक्काम फडाजवळ. त्या गावातला ऊस संपला की कोपी मोडायची आणि पुढच्या गावात घालायची. पाणी किती लांब, शाळा आहे का, रात्री उजेड आहे का, शेजारी कोण, हे सगळं या एका फरकावर अवलंबून असतं. माझ्या सहा पर्यायांमध्ये वाहन कुठे होतं? नव्हतंच.

तिसरी गोष्ट जरा कोड्यासारखी आहे. जालना जिल्ह्यातही ऊस आहे. जायकवाडीच्या डाव्या कालव्याचं पाणी अंबड-घनसावंगीकडे फिरतं, तिथे साखर कारखाने आहेत. मग त्याच जिल्ह्यातली माणसं चार-पाचशे किलोमीटरवर का जातात? ‘तिकडे मजुरी जास्त’ हे उत्तर पुरत नाही. यान ब्रेमन यांनी १९७८ साली गुजरातमधल्या बारडोलीच्या साखर कारखान्यांवर लिहिलेला लेख इथे उपयोगी पडतो. तिथे गावात भूमिहीन मजूर होते, तरी कारखाने खानदेशातून टोळ्या आणत. ब्रेमन यांचं म्हणणं असं की बाहेरचा मजूर संध्याकाळी घरी जात नाही, कुठल्याही वेळी कामाला उठवता येतो आणि हंगाम संपेपर्यंत अडकून राहतो. म्हणजे त्याचं घर लांब असणं हीच मालकाची सोय. ली यांच्या चौकटीत अंतर हा ‘मधला अडथळा’ आहे. इथे तेच अंतर कुणाच्या तरी फायद्याचं आहे. एकाच बाणावर दोन माणसांची दोन चिन्हं येतात आणि चौकटीत जागा एकाच्याच चिन्हाला आहे.

एवढ्यावर थांबलो असतो तर हा फक्त सिद्धांताचा वाद ठरला असता. पण ‘राहण्याचं ठिकाण’ या कल्पनेवर आपली मोजदादही उभी आहे. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ६४व्या फेरीत, म्हणजे २००७-०८मध्ये, ‘नेहमीचं वास्तव्य’ म्हणजे जिथे सलग सहा महिने किंवा जास्त राहणं झालं ते ठिकाण. कामासाठी एक महिना किंवा जास्त, पण सहा महिन्यांपेक्षा कमी काळ बाहेर राहिलेला माणूस ‘अल्पकालीन स्थलांतरित’. आता दसऱ्याला गेलेली टोळी पाडव्याला परतली, तर ती या खान्यात बसते. त्याच टोळीला ऊस शिल्लक राहिला म्हणून अक्षय तृतीयेपर्यंत थांबावं लागलं, की सहा महिने उलटतात. व्याख्या अक्षरशः लावली तर त्या वर्षी पाचटाची आणि ताडपत्रीची कोपी हेच त्यांचं नेहमीचं वास्तव्य! कुटुंब तेच, काम तेच, खाना मात्र फडात उभ्या असलेल्या उसाने बदलला.

जनगणनेचं बघा. २०११ची गणना ९ ते २८ फेब्रुवारीला झाली, ऐन तोडीत. स्थलांतराच्या कारणांमध्ये काम, व्यवसाय, शिक्षण, विवाह, जन्मानंतर, कुटुंबासोबत आणि इतर असे पर्याय होते. कोयत्यातला अर्धा वाटा जिचा आहे, पहाटे उठून भाकरी करून जी नवऱ्याइतक्याच मोळ्या बांधते, तिच्यापुढे ‘कुटुंबासोबत’ किंवा ‘विवाह’ लिहिलं जाणं किती सोपं आहे! पुढच्या जनगणनेचा संदर्भ दिवस १ मार्च २०२७ आहे. म्हणजे पुन्हा तोडीतच. तुमच्यातल्या ज्यांचं फिल्डवर्क तेव्हा चालू असेल, त्यांनी तळावर जाऊन हे डोळ्यांनी बघावं.

शेवटचा मुद्दा राज्याच्या हद्दीचा. कागल आणि निपाणी यांच्यामध्ये हद्द आहे, दोन्हीकडे ऊस तोच. पण जालन्याची टोळी कागलच्या बाजूला उतरली तर ती राज्यांतर्गत, निपाणीकडे उतरली तर आंतरराज्य. १९७९च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्यात ठेकेदाराने योग्य निवाऱ्याची सोय करावी आणि विस्थापन भत्ता द्यावा, असं लिहिलं होतं. म्हणजे कागदावर निपाणीकडची कोपी जास्त सुरक्षित. (हा कायदा २०२०च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत विलीन झाला, तेव्हा जुनं कलम प्रबंधात टाकण्याआधी त्याचं पुढे काय झालं ते तपासा.) रेशनचंही तसंच. १ जानेवारी २०२०पासून महाराष्ट्राचं कार्ड कर्नाटकात चालावं अशी योजना आहे. पण डोकी सेंटरची टोळी सारखी गाव बदलते आणि दुकानदार कन्नड बोलतो. काकूंना मी विचारलं, तिकडे रेशन घेता का? त्या म्हणाल्या, “फडातनं दुकानाला जायचं म्हणजे खाडा. खाड्याचे पैसे कापतेत.”

आता उलट बाजूला झुकू नका. हे सगळं कळल्यावर मी दुसरी प्रश्नावली केली, तिच्यात निवडीचा प्रश्नच नव्हता. यांना काही निवडताच येत नाही, असं मी धरून चाललो. तीही चूकच निघाली. पुन्हा त्याच तांड्यावर गेलो, तेव्हा काकू सहज बोलता बोलता म्हणाल्या की तळावर गेल्या गेल्या त्या नणंदेच्या कोपीशेजारची जागा धरतात. नणंदेची मोठी पोरगी दोन्हीकडची लहान लेकरं बघते. दोन वर्षांमागे ती जागा मिळाली नाही, तेव्हा धाकट्याला सोबत फडात न्यावं लागलं. त्यानंतर त्यांनी मुकादम बदलला, नणंद ज्या टोळीत होती त्या टोळीत गेल्या. मोठ्या मुलाला मात्र शाळेसाठी गावात आजीपाशी ठेवलं.

बघा, निवड होती. मी तिला चुकीच्या जागी शोधत होतो. जिल्हा आणि कारखाना त्यांच्या हातात नव्हता. पण कोणाशेजारी कोपी घालायची, कोणाची टोळी धरायची, कोणतं लेकरू न्यायचं आणि कोणतं ठेवायचं, हे त्या दरवर्षी ठरवत होत्या, आणि आपण रूम बघताना करतो त्याहून कितीतरी काळजीने. ली यांचा तो गाईडांनी गाळलेला चौथा घटक, व्यक्तिगत घटक, इथे कामाला येतो. म्हणून मी लेख फेकून दिलेला नाही. माझ्या प्रबंधात आता तो आहे, पण त्याने कोणाला वगळलंय हे सांगून.

माझ्या तिसऱ्या प्रश्नावलीत अकराव्या प्रश्नाचे पाच तुकडे झालेत :

१. या हंगामात कोणत्या कारखान्याला जायचं हे कोणी ठरवलं? तुम्हाला ते कधी कळलं?
२. उचल कोणत्या महिन्यात घेतली? मागची बाकी होती का?
३. टोळी गाडी सेंटरची की डोकी सेंटरची? हंगामात कोपी किती वेळा हलवली?
४. कोपीची जागा तळावर कोणी ठरवली? शेजारी कोण होतं?
५. सोबत कोण आलं, गावात कोण राहिलं, आणि हे घरात कोणी ठरवलं?

वेळ जास्त लागतो. पूर्वी दिवसाला दहा फॉर्म व्हायचे, आता चार होतात. गाईड म्हणाले, सॅम्पल कमी पडेल. बरोबर आहे त्यांचं, त्यावर अजून मार्ग काढतोय. पण ‘इतर’वर खूण करायची वेळ आता क्वचितच येते.

तुमची प्रश्नावली काढा आणि तिच्यात ‘निवड’, ‘पसंती’, ‘का आलात’ असे शब्द कुठे कुठे आलेत ते बघा. प्रत्येकापुढे पेन्सिलीने एवढंच लिहा : ‘कोणाची?’ मग छापायला द्या.