बाटलीवरचा चेहरा आणि येसरची पुडी

विषय ऐकून पुढच्या रांगेतले काहीजण हसले, ते आम्ही पाहिलं. मुखेडात बसून इटलीच्या पास्ता सॉसवर व्याख्यान! पण चकोल्या कुणी खाल्ल्या नाहीत का इथं? उकळत्या वरणात कणकेच्या कापण्या सोडायच्या, वर तुपाची धार. कणीक उकडून रसासोबत खायची, हे एकट्या इटलीला सुचलेलं नाही. आणि ज्या टोमॅटोवर त्यांचा सॉस उभा आहे, तोही मूळचा त्यांचा नव्हे. 16 व्या शतकात अमेरिका खंडातून युरोपात आला. तेव्हा परकं-आपलं हा वाद राहू द्या. आम्हाला बोलायचंय ते बाटलीवरच्या चेहऱ्याबद्दल.

हॉलिवूडचा नट पॉल न्यूमन. सॅलडवर घालायचं ड्रेसिंग घरीच करायचा, नाताळला बाटल्या भरून शेजारीपाजारी वाटायचा. 1982 मध्ये लेखक मित्र ए. ई. हॉचनर यांच्यासोबत त्यानं 'न्यूमन्स ओन' काढलं. पुढे पास्ता सॉसही आला. बाटलीवर त्याचं चित्र, आणि नफा सगळा दानधर्माला. माणूस मोठा, यात शंका नाही. पण दान खरं म्हणून सॉस चांगला, असं होत नाही. ते दोन हिशेब वेगळे. शिवाय न्यूमन 2008 मध्ये गेला, चित्र अजून बाटलीवर आहे. आता ती चव कुणाची? स्वयंपाकघरातून सुरू झालेलं प्रेम शेवटी कारखान्याच्या पाककृतीत जातं, आणि चेहरा तेवढा जिव्हाळ्याचा पुरावा म्हणून उरतो.

आपल्याकडचं बघा. आशा भोसले यांनी 2002 मध्ये दुबईत 'आशाज' सुरू केलं, ते पुढे बर्मिंगहॅमपर्यंत गेलं. त्यांच्या हातच्या बिर्याणीचं कौतुक सिनेसृष्टीत आधीपासून होतंच. आचाऱ्यांनाही त्यांनी स्वतः शिकवलं. म्हणजे नावामागं हात होता. त्याच वर्षी मुंबईत कुलाब्याला 'तेंडुलकर्स' उघडलं. सचिनपेक्षा मोठा चेहरा कोणता हो? तरी काही वर्षांत ते बंद पडलं. आमचं मत असं, की चेहरा गिऱ्हाइकाला एकदा आणतो. दुसऱ्यांदा आणायचं काम भांड्यातल्या पदार्थाचं.

आता कायद्याकडं वळू, कारण इथं गंमत नाही. 2015 मध्ये मॅगीच्या ओट्स नूडल्सच्या जाहिरातीवरून हरिद्वारच्या अन्न प्रशासनानं माधुरी दीक्षित यांना नोटीस धाडली होती. त्या वर्षी मॅगीवर देशभर बंदी आली आणि ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयानं ती रद्दही केली. पण प्रश्न लोकांच्या तोंडी राहिला: आवडतं म्हणून सांगणाऱ्याची जबाबदारी किती? 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात त्याचं उत्तर आलं. खोट्या किंवा दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी कलाकारालाही 10 लाखांपर्यंत दंड, पुन्हा केलं तर 50 लाखांपर्यंत, आणि जाहिराती करायला काही काळ मनाई. मात्र दावा नीट तपासून घेतला होता, हे दाखवता आलं तर सुटका. 2022 च्या मार्गदर्शक सूचनांत तर म्हटलंय की शिफारस ही त्या माणसाचं खरं मत हवी, पुरेशी माहिती किंवा अनुभव यांवर बेतलेली. म्हणजे बघा, प्रेम खरं असावं असं सरकारला छापून सांगावं लागलं!

बाटली मागून वाचायची सवय लावा, एवढंच आम्ही म्हणू. घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं लिहिणं बंधनकारक आहे. टोमॅटोच्या आधी पाणी असेल, तिसऱ्या जागी साखर असेल, तर पुढचा हसरा चेहरा कशाला हसतोय ते कळतं.

आणि तयार रसाचं आपल्याला काय अप्रूप? मराठवाड्यात येसर आहे. धान्य-डाळी भाजायच्या, मसाला घालून दळायचं, डबा भरून ठेवायचा. पाहुणा आला की पाण्यात कालवून फोडणी दिली, आमटी तयार. शेताला जाणाऱ्या बाईनं आपला वेळ वाचवायला शोधलेली गोष्ट आहे ती. समीक्षा व्हायची तर अशा पदार्थांची व्हावी. कुणाचं येसर खरपूस, कुणाचं कडवट, कुणाच्यात धणे जास्त, यावर कुणी लिहीत नाही, बरं का.

बाहेर मांडवात बचत गटाच्या ताईंनी येसरच्या पुड्या ठेवल्यात. वजन लिहिलंय, घटक लिहिलेत, किंमतही आहे. करणारीचं नाव नाही. आत येताना आम्ही विचारलं, तर त्यातल्या एक जणी म्हणाल्या, "आमचं नाव बघून कोण घेतंय, दादा?"