सत्तावीस किलोंचं डोकं?

मोबाइलवर वाकलेल्या माणसाची पाच चित्रं असलेला तक्ता तुमच्याही पाहण्यात आला असेल. ताठ मान : ५ किलो. १५ अंश वाकवली : १२ किलो. असं करत ६० अंशांना २७ किलो! खाली ताकीद असते, ‘मान वाकवाल तर नस दबेल’. आणि उपाय म्हणून हनुवटी मागे घेण्याचे, खांदे मागे खेचण्याचे व्यायाम.

हे आकडे आले कुठून? अमेरिकेतले शल्यचिकित्सक केनेथ हंसराज यांनी ते २०१४ साली संगणकावरच्या प्रतिकृतीवरून काढले. प्रत्यक्ष माणसांवर मोजमाप केलेलं नव्हतं. यामागचं तरफेचं तत्त्व बरोबर आहे. डोकं पुढे झुकलं की भारभुजा वाढते, मानेमागच्या स्नायूंना जास्त जोर लावावा लागतो आणि तो जोर मणक्यांवर दाब आणतो. पण हे बल आहे, डोक्याचं वजन नव्हे. आणि बल वाढलं म्हणजे इजा झाली, असंही नाही. एका पायावर उभं राहिलं की खुब्याच्या सांध्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीचपट बल येतं. म्हणून कुणी लंगडी बंद करा म्हणत नाही.

आता नस दबण्याविषयी. मानेच्या मणक्यांमधल्या छिद्रांतून मज्जातंतू हाताकडे जातात. चकती सरकली किंवा हाड वाढलं, की तिथे मज्जातंतूचं मूळ दबतं आणि हातात कळ, मुंग्या येतात. मान पुढे वाकवल्यावर ही छिद्रं किंचित रुंदावतात. मागे आणि दुखऱ्या बाजूला कलवल्यावर अरुंद होतात. डॉक्टरांची ‘स्परलिंग’ चाचणी यावरच आधारलेली आहे. तक्ता सुचवतो ते जवळजवळ उलटं!

“पण व्यायामानं मला बरं वाटलं.” वाटलं असेल. अमेरिकेतल्या रॉचेस्टर इथल्या ५६१ रुग्णांचा अभ्यास १९९४ साली प्रसिद्ध झाला. त्यांतल्या सुमारे चौथ्या हिश्श्यावर शस्त्रक्रिया झाली होती. पण काही वर्षांनी ९० टक्के रुग्णांना त्रास नव्हता किंवा अगदी थोडा होता. दुखणं पुष्कळदा आपसूक ओसरतं. तेव्हा व्यायाम न करणाऱ्यांशी तुलना केल्याशिवाय श्रेय कुणाला द्यायचं? २०१८ साली ब्राझीलमध्ये १५० तरुणांची पाहणी झाली. मोबाइलवर मान वाकवण्याचा आणि मानदुखीचा संबंध तीत आढळला नाही.

व्यायाम निरुपयोगी आहेत, असं मुळीच नाही. मान-खांदे बळकट करणं, एकाच स्थितीत फार वेळ न बसणं यांनी अनेकांना आराम पडतो. आक्षेप आहे तो धाकाला. हाताची ताकद कमी होत असेल, चालताना तोल जात असेल, लघवीवरचा ताबा सुटत असेल, आणि तरीही एखाद्या बाई तक्त्यावर विसंबून महिनोन्महिने हनुवटीच मागे घेत राहिल्या, तर मोलाचा वेळ जाईल. अशा वेळी ताबडतोब डॉक्टरच गाठावेत.

तुमच्या शाळेत हा तक्ता असेल तर काढू नका. मुलांना पाण्यानं भरलेली लिटरची बाटली आधी छातीशी, मग हात लांब करून धरायला सांगा. खांद्याला ताण वाढलेला कळेल. मग विचारा, बाटलीचं वजन वाढलं का?