'बनगरवाडी'तील निसर्गसंसाधने : लोकदृष्टी आणि शाश्वततेचा प्रश्न

व्यंकटेश माडगूळकर यांची 'बनगरवाडी' (१९५५) ही कादंबरी प्रामुख्याने ग्रामीण वास्तव व व्यक्तिचित्रण या अंगांनी अभ्यासली गेली. तिच्या अखेरीस येणारा दुष्काळ बहुधा नियतीचा आघात मानला जातो. प्रस्तुत लेखात त्याकडे एका समूहाच्या निसर्गविषयक जाणिवेच्या अंगाने पाहिले आहे.

माणदेशातील या धनगरांच्या लेखी चारा व पाणी ही साठवून ठेवण्याची मालमत्ता नव्हे. पाऊस तिथे गवत, गवत तिथे मेंढरू आणि मेंढरामागे माणूस, असा हा क्रम आहे. त्यामुळे वाडी ओस पडणे हा केवळ पराभव ठरत नाही. रानावरचा भार हलका करण्याची ती जुनी रीतही आहे. निवेदक असलेला मास्तर मात्र औंध संस्थानाचा नोकर. शाळा आणि श्रमदानातून उभी राहिलेली तालीम यांत त्याला गावाची प्रगती दिसते. पुढे माणसे निघून जातात, तालीम जागीच राहते. स्थिर वस्ती गृहीत धरणाऱ्या विकासकल्पनेची मर्यादा येथे उघड होते.

तीर्थपुरी परिसरातील वाचकाला हा प्रश्न परका नाही. जायकवाडीच्या डाव्या कालव्यामुळे या पट्ट्यात ऊस स्थिरावला. जालना जिल्हा मोसंबीसाठी ओळखला गेला. २०१२-१३ च्या दुष्काळात त्याच मोसंबीच्या बागा मोठ्या प्रमाणावर वाळल्या. मेंढरू पाण्याकडे चालत जाते, बाग जाऊ शकत नाही. परिणामी विंधनविहिरी अधिकाधिक खोल जातात. पाण्याकडे पाहण्याची दृष्टीच अशी पिकाबरोबर बदलते.

तथापि धनगरांच्या भटकंतीचे उदात्तीकरण करणेही योग्य नाही. उपासमार आणि ताटातूट माडगूळकर लपवीत नाहीत. शिवाय आजचे मराठवाड्यातील ऊसतोडीचे स्थलांतर मूलतः वेगळे आहे. धनगर स्वतःच्या कळपामागे जातो. ऊसतोड मजूर उचल घेऊन दुसऱ्याच्या पिकामागे जातो.

सारांश, संसाधन किती उरले एवढ्यावरून शाश्वतता ठरवता येत नाही. ते आटल्यावर गाव सोडण्याची मोकळीक कोणाला आहे, सक्ती कोणावर आहे आणि कर्जात रुतून जागीच कोण राहतो, हेही पाहावे लागते. पर्यावरणशास्त्राच्या अध्यापनात 'बनगरवाडी'ला स्थान मिळावे ते या प्रश्नांसाठी.