'जलद' म्हणजे नेमकं किती जलद? लघवीतल्या ड्रग्जच्या तपासणीवरचं संशोधन वाचताना

पेट किंवा नेट-सेटची तयारी करताना शोधनिबंध वाचायची सवय लागली, की काही शीर्षकं पुन्हा पुन्हा भेटायला लागतात. त्यातलंच एक म्हणजे 'आयन मोबिलिटी आणि मास स्पेक्ट्रोमेट्रीच्या साहाय्याने लघवीतील अमली पदार्थांची जलद तपासणी'. गोषवाऱ्यात बहुतेक वेळा एक वाक्य असतं: एका नमुन्याला एक-दोन मिनिटं. आज मला या प्रकारच्या संशोधनाबद्दल लिहायचं आहे. तंत्र चांगलं आहे, माझा त्याला विरोध नाही. माझी तक्रार 'जलद' या एका शब्दाबद्दल आहे, कारण तो शब्द यंत्रापुरता खरा असतो आणि आपण तो निकालाला लावून मोकळे होतो.

आधी तंत्र समजून घेऊ. मास स्पेक्ट्रोमीटर आयनचं वजन मोजतो, नेमकं सांगायचं तर वस्तुमान आणि विद्युतप्रभार यांचं गुणोत्तर. आयन मोबिलिटीत त्याच्या आधी आयनला नायट्रोजन किंवा हेलियमसारख्या वायूने भरलेल्या नळीतून विद्युतक्षेत्राच्या जोरावर पळवतात. आमच्या सोनाळ्यात सोनाजी महाराजांच्या यात्रेच्या गर्दीतून छत्री मिटून चालणारा माणूस लवकर पार होतो आणि तीच छत्री उघडून चालणारा धक्के खात जातो. वजन दोघांचं सारखंच. आयनचंही तसंच. आटोपशीर आकाराचा आयन लवकर पोचतो, पसरट आयन वायूच्या रेणूंना जास्त धडकतो आणि उशिरा पोचतो. या वेळेवरून 'कोलिजन क्रॉस सेक्शन' म्हणजे सीसीएस काढतात, तो चौरस अँगस्ट्रॉममध्ये. ही शर्यत मिलिसेकंदांत संपते. टाइम ऑफ फ्लाइट प्रकारचा मास स्पेक्ट्रोमीटर त्याहून वेगवान असल्याने दोन्ही मोजमापं एकाच धावेत होतात.

कल्पना जुनी आहे. १९७० च्या सुमारास हे तंत्र 'प्लाझ्मा क्रोमॅटोग्राफी' या नावाने पुढे आलं. पुढे विमानतळांवर बॅगेवरून कापडाचा बोळा फिरवून स्फोटकं शोधणारी जी यंत्रं आली, त्यांतही आयन मोबिलिटीच असते. लघवीच्या तपासणीत ती आणण्यामागे कारणही रास्त आहे. नेहमीची पट्टी अँटिबॉडीवर चालते. अँटिबॉडी ज्या रेणूसाठी बनवली, त्याच्यासारखा दिसणारा दुसरा रेणूही तिला फसवू शकतो, आणि नवा पदार्थ बाजारात आला तर तिला तो ओळखताच येत नाही. आपल्याकडचं उदाहरण म्हणजे एमडी, म्हणजेच मेफेड्रोन. २०१५ मध्ये तो एनडीपीएस कायद्याच्या यादीत आला. २०२४ च्या फेब्रुवारीत पुणे पोलिसांनी दौंड तालुक्यातल्या कुरकुंभ एमआयडीसीतून शेकडो किलो एमडी पकडलं. पण अ‍ॅम्फेटामिनसाठीची साधी पट्टी मेफेड्रोन हमखास दाखवेलच असं नाही. मास स्पेक्ट्रोमेट्रीला अँटिबॉडीची गरजच नाही. रेणू माहीत असला की शोधता येतो. या बाबतीत या संशोधनाला पूर्ण गुण द्यायला हवेत.

आता अडचणींकडे येऊ. पहिली अडचण जुळ्यांची.

ट्रॅमाडॉल हे वेदनाशामक २०१८ पासून एनडीपीएसखाली आहे. त्याच्या रेणूत १६ कार्बन, २५ हायड्रोजन, १ नायट्रोजन आणि २ ऑक्सिजन. व्हेन्लाफॅक्सिन ही डिप्रेशनवरची गोळी घेणाऱ्या माणसाच्या शरीरात तिच्यापासून डेसव्हेन्लाफॅक्सिन तयार होतं. त्यातही नेमके तेवढेच अणू. वजनावरून दोघांत फरक करता येत नाही. रेणू मोडून बघितला तर दोघांचाही मुख्य तुकडा वस्तुमान ५८ चाच. मॉर्फीन आणि हायड्रोमॉर्फोन, मेफेड्रोन आणि त्याचा भाऊबंद ३-एमएमसी, अशा आणखी जोड्या आहेत. शोधनिबंध म्हणतो, इथेच आयन मोबिलिटी कामाला येते. वजन सारखं असलं तरी आकार वेगळा.

बरोबर आहे, पण किती वेगळा? साधा हिशोब करा. एका औषधाचा सीसीएस १७० आहे आणि यंत्राची पृथक्करण क्षमता ४०. शिखराची रुंदी १७० भागिले ४०, म्हणजे ४.२५. जुळ्या रेणूचा सीसीएस १७२ असेल तर दोन शिखरं दिसणारच नाहीत, एकच जाडसर टेकडी दिसेल. क्षमता २०० असेल तर रुंदी ०.८५ होते आणि दोघं वेगळे दिसतात. म्हणजे 'आयन मोबिलिटी वापरली' एवढं वाक्य पुरेसं नाही. कोणत्या क्षमतेची, हे विचारलंच पाहिजे. शिवाय बऱ्याच निबंधांत जुळणीची मुभा अधिक-उणे २ टक्के असते. १७० साठी ती १६६.६ ते १७३.४ होते. या पट्ट्यात १७२ वालाही आरामात बसतो.

अजून एक गोष्ट निबंधात सहसा हळू आवाजात सांगितलेली असते. लहान रेणूंमध्ये वजन वाढलं की आकारही साधारण त्याच प्रमाणात वाढतो. त्यामुळे वजन आणि सीसीएस हे दोन स्वतंत्र साक्षीदार नसतात, चुलतभाऊ असतात. एकाने ओळख पटवल्यावर दुसऱ्याने मान डोलावली, तर पुराव्यात भर पडते, पण दुप्पट नाही. क्रोमॅटोग्राफीचा स्तंभ रेणूंना वेगळ्याच गुणधर्मावर वेगळं करतो, म्हणून त्याची साक्ष जास्त स्वतंत्र असते. त्याला काही मिनिटं लागतात. 'जलद' होण्यासाठी अनेकदा नेमका तोच गाळला जातो.

दुसरी अडचण: लघवी कोणाची?

पद्धत सिद्ध करताना बहुधा निरोगी माणसाची किंवा चक्क कृत्रिम लघवी घेतात आणि त्यात शुद्ध औषध टाकतात. याला स्पाइक केलेला नमुना म्हणतात. सुरुवातीला हे ठीकच आहे. पण खऱ्या माणसाच्या लघवीत मॉर्फीनचा मोठा भाग ग्लुकुरोनाइडला जोडलेल्या रूपात बाहेर पडतो. ते जोड तोडायला एन्झाइम घालून नमुना काही वेळ उबवावा लागतो. अर्धा तास, कधी त्याहून बराच जास्त. दोन मिनिटांच्या दाव्यात हा वेळ मोजला आहे का? काही गट ग्लुकुरोनाइडच थेट मोजतात. तो मार्ग प्रामाणिक आहे, पण तसं निबंधात स्पष्ट लिहिलेलं हवं.

मग मीठ. स्तंभ नसला की लघवीतले क्षार, युरिया, क्रिएटिनिन सगळं एकदम आयन स्रोतात शिरतं आणि औषधाचा सिग्नल दाबून टाकतं. आमच्या संग्रामपूर तालुक्याचा पूर्णेकडचा भाग खारपाणपट्ट्यात येतो आणि किडनीच्या आजारांची चर्चा इथे वर्षानुवर्षे आहे. मे महिन्यात शेतात राबलेल्या माणसाची घट्ट लघवी आणि चाचणीच्या धाकाने तीन तांबे पाणी प्यायलेल्याची पातळ लघवी, दोन्ही एकाच रेषेवर कशा तोलणार? अमेरिकेच्या सरकारी नियमांत क्रिएटिनिन २० मिलिग्रॅम प्रति डेसीलीटरपेक्षा कमी आणि विशिष्ट गुरुत्वही ठरल्यापेक्षा कमी आलं, तर नमुना पातळ समजतात. निबंधात क्रिएटिनिनचा उल्लेखच नसेल तर तिथे पेन्सिलने खूण करा.

आणि जेवण. दिवाळीत अनारसे खसखशीवर थापतात. खसखशीत मॉर्फीनचा अंश असू शकतो, आणि तो लघवीत उतरतो. यंत्र इथे चुकत नाही, मॉर्फीन खरंच असतं. चूक आपण काढलेल्या अर्थात असते. याच कारणाने अमेरिकेत १९९८ मध्ये सरकारी नोकरदारांच्या चाचणीतली ओपिएटची मर्यादा ३०० वरून २००० नॅनोग्रॅम प्रति मिलीलीटर केली गेली. हेरॉइन ओळखायचं तर ६-मोनोअ‍ॅसिटिलमॉर्फीन शोधावं लागतं, आणि ते लघवीत जेमतेम काही तास टिकतं.

भांगेचं तर आणखी अवघड. एनडीपीएस कायद्यात गांजा म्हणजे फुलांचे किंवा फळांचे शेंडे. शेंडे सोबत नसतील तर नुसती पानं त्या व्याख्येत येत नाहीत. (महाराष्ट्रात भांगेवर दारूबंदी कायद्याचे वेगळे निर्बंध आहेत, तो मुद्दा निराळा.) लघवीत दोन्हींचा एकच अवशेष सापडतो. कायदा झाडाचा भाग विचारतो आणि रेणूला ते सांगता येत नाही. यंत्राची क्षमता ४० वरून ४०० केली तरी सांगता येणार नाही.

तिसरी अडचण आकड्यांची आहे. विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनीच ती समजून घ्यायला हवी.

समजा, पद्धतीची संवेदनशीलता ९८ टक्के आणि विशिष्टता ९७ टक्के आहे. निबंधात ५० पॉझिटिव्ह आणि ५० निगेटिव्ह नमुने घेतले. ४९ बरोबर पकडले, चुकून एक-दोन पकडले. निकाल झकास. आता हीच पद्धत गावाकडे आणा. समजा, पोलीस भरतीसाठी पहाटे रस्त्यावर धावणाऱ्या १००० पोरांची तपासणी केली आणि त्यांतले खरोखर सेवन करणारे १० आहेत. पद्धत ते दहाही पकडेल. पण उरलेल्या ९९० पैकी ३ टक्के, म्हणजे सुमारे ३० जणही पकडेल. एकूण ४० पॉझिटिव्ह, त्यांतले ३० निर्दोष. चारातले तीन! यंत्र तेच, टक्केवारी तीच, फक्त माणसं बदलली. भरतीत त्या ३० पोरांचं वर्ष जाईल आणि गावात नाव जाईल ते वेगळंच. कलम २७ खाली तर सेवनालाही शिक्षा आहे: मॉर्फीन, कोकेन, हेरॉइनसाठी एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड, बाकीच्यांसाठी सहा महिन्यांपर्यंत. म्हणून स्क्रीनिंग हे स्क्रीनिंगच राहिलं पाहिजे. त्याच्या पुढे स्तंभासह केलेली पुष्टी असलीच पाहिजे.

शेवटची अडचण रस्त्याची. सोनाळ्याला पोलीस ठाणं आहे, पण आपल्या विभागाची न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा अमरावतीला. नमुना घेणं, सील करणं, नोंद, बर्फ, प्रवास, रांग. एप्रिल-मेच्या उन्हात बाटली तापली की जिवाणू वाढतात, लघवी अल्कलीकडे झुकते आणि कोकेनसारखा रेणू वाटेतच मोडायला लागतो. दोन मिनिटं या साखळीच्या अगदी शेवटी येतात. नमुनाच बदलला गेला तर कोणतंही यंत्र ते सांगणार नाही. २०२४ च्या मे महिन्यात पुण्याच्या पोर्शे अपघात प्रकरणात रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना अटक झाली, ते आठवा.

आणि कधीकधी नमुना घेतलाच जात नाही. २ ऑक्टोबर २०२१ ला मुंबईत कॉर्डेलिया क्रूझवर एनसीबीची कारवाई झाली. आर्यन खानसह अनेकांना अटक झाली, देशभर महिनाभर चर्चा झाली. मुंबई उच्च न्यायालयाने २८ ऑक्टोबरला जामीन दिला आणि आदेशात नोंदवलं की, त्या वेळी सेवन केलं होतं का हे ठरवण्यासाठी अर्जदारांची वैद्यकीय तपासणीच झाली नव्हती. मे २०२२ मध्ये पुरेशा पुराव्याअभावी आर्यनसह सहा जणांना आरोपपत्रातून वगळलं गेलं. तपासणी झाली असती तरी ती फक्त सेवनाबद्दल बोलली असती, बाळगणं किंवा कट याबद्दल नाही. पण प्रश्न उरतोच. तंत्र मुंबईसारख्या शहरात नव्हतं असं कोण म्हणेल? कमी पडली ती बाटली भरून घेण्याची साधी पायरी.

म्हणून असा निबंध हातात आला की मी वहीच्या कडेला पाच प्रश्न लिहिते. वेळ कुठून कुठपर्यंत मोजला? नमुने स्पाइक केलेले की खऱ्या माणसांचे? जुळे रेणू एकत्र टाकून पाहिले का? पृथक्करण क्षमता किती आणि जुळणीची मुभा किती? पॉझिटिव्ह आलेल्यांची पुष्टी दुसऱ्या पद्धतीने केली का? पाचांपैकी तीन उत्तरं मिळाली तर निबंध चांगला. पाचही मिळाली तर तो जपून ठेवा, संशोधन पद्धतीच्या पेपरला उपयोगी पडेल.

आणि विषय शोधत असाल, तर तो इथेच पडला आहे. खारपाणपट्ट्यातल्या माणसांच्या लघवीत आयन सप्रेशन किती होतं? अनारसे खाल्ल्यावर मॉर्फीन किती तास दिसतं? ४२ अंशांत ठेवलेल्या नमुन्यात काय काय टिकतं? यासाठी नैतिक समितीची परवानगी, संमतीपत्रं आणि धीर लागेल. महागडं नवं यंत्र मात्र लागेलच असं नाही. निम्मे प्रश्न विद्यापीठातल्या साध्या एलसी-एमएसवर सुटू शकतात. फक्त त्या निबंधाच्या शीर्षकात 'जलद' हा शब्द घालता येणार नाही.