‘बटण दाबा, विमान परत येईल’

नवशिक्यांच्या जीपीएसवाल्या रिमोट विमानांची बहुतेक माहितीपत्रकं सपाट मैदान धरून लिहिलेली असतात. ‘बटण दाबा, विमान परत येईल.’ अहो, पण कुठे परत? उपग्रह पकडल्यावर, उड्डाणाआधी जी जागा नोंदली जाते, तिथे. पाटणला कोयनेच्या खोऱ्यात डोंगर निम्मं आकाश झाकतात. लॉक मिळायला वेळ लागतो, आपण घाई करतो आणि मग म्हणतो, जीपीएस बिघडलं!

वर वनकुसवडे पठारावर आकाश मोकळं. पण तिथं पवनचक्क्या काही उगाच नाहीत उभ्या. जीपीएसला जागा कळते, वारा रोखता येत नाही. समोरचा वारा विमानाच्या वेगाहून जास्त असला, तर नाक आपल्याकडे ठेवून विमान मागंच सरकतं. पत्रकात नेमकं हेच पान नाही. आणि होकायंत्राचं कॅलिब्रेशन मोटारसायकलजवळ करू नका, एवढं तरी छापा की!