बालीलिपींतील दीर्घ 'आ'

संगणकाला अक्षर दिसत नाहीं. त्याला केवळ अंक कळतो. जगांतील लिपींच्या वर्णांस एकेक क्रमांक नेमून देणारी युनिकोड नांवाची जी योजना आहे, तींत बाली बेटाची लिपि २००६ सालीं दाखल झाली. मायकेल एव्हरसन व इ मादे सुआत्जाना यांनीं २००५ सालीं मांडलेल्या प्रस्तावाचें तें फळ होय. त्या दूरच्या बेटाच्या लिपीशीं आमच्या वाचकांचें नातें काय, असें कोणी विचारील. नागरी व बाली ह्या दोघीही ब्राह्मीच्याच वंशांतल्या. आणि यंत्राच्या दरबारीं मागाहून आलेल्या या बहिणीची सोय एका बाबतींत आमच्या नागरीहून सरस लागली आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे.

ती बाब दीर्घ 'आ'ची. बालीलिपींत 'अ'पुढें काना जोडला कीं 'आ' होतो. या कान्याला तेदुंग म्हणतात. देवळांतील छत्रासही तेथें हाच शब्द आहे, आणि नांव ठेवणाराच्या रसिकतेचें आम्हांस कौतुक वाटतें. हा 'आ' यंत्रांत दोन रीतींनीं लिहितां येतो. अखंड 'आ'चा ६९१८ हा क्रमांक द्यावा, किंवा 'अ'चा ६९१७ देऊन त्यामागें कान्याचा ६९६५ ठेवावा. योजनाकारांनीं हीं दोन्ही लेखनें सममूल्य ठरविलीं. नियम पाळणारें यंत्र ताडून पाहण्यापूर्वीं दोहोंना एकच रूप देतें. म्हणून लिहिणारानें कसेंही लिहिलें तरी शोधणारास शब्द सांपडतो.

आतां नागरीकडे पहावें. 'अ' २३०९, काना २३६६, अखंड 'आ' २३१०. 'अ'ला काना दिला कीं 'आ', हें शाळेंतलें पोरही सांगेल. परंतु यंत्राच्या लेखीं तीं दोन निरनिराळीं लेखनें आहेत. १९८८ च्या भारतीय संकेतांवरून नागरीची मांडणी १९९१ सालीं युनिकोडांत आली, आणि तींत अशा सममूल्यतेस जागाच ठेविली नाहीं. जोडून 'आ' लिहूं नये असें योजनाकार बजावतात खरें. पण बजावल्यानें लिहिणाराचा हात थोडाच थांबतो! शिवाय एकदां ठरलेलें बदलावयाचें नाहीं, असा त्यांचा स्वतःचाच निर्बंध आहे. जुने लेख बिघडूं नयेत हा त्यामागील हेतु रास्त असला, तरी चूकही त्यामुळें चिरंजीव होते.

बालीच्या वांट्यालाही सर्व सुखच आलें आहे असें नाहीं. 'ज्ञ' तेथें आपल्याप्रमाणेंच ज, हलन्ताची खूण (अदेग-अदेग) व ञ अशा तीन क्रमांकांनीं होतो. २०२१ सालीं जुन्या वळणाच्या 'ज्ञ'ला ६९८८ हा स्वतंत्र क्रमांक मिळाला, मात्र नेहमींच्या 'ज्ञ'शीं त्याची सममूल्यता ठरविली गेली नाहीं. पोथींतील वळण जसेंच्या तसें नोंदविण्याची संशोधकाची निकड आम्हांस मान्य आहे. पण सिंगराज येथील गेदोंग कीर्त्य या १९२८ सालच्या ग्रंथालयांत ताडपत्रांचा केवढा संग्रह आहे! तशा एखाद्या पोथीची नक्कल जुन्या 'ज्ञ'नें उतरविली, आणि संस्कृतांतून तिकडे गेलेला 'ज्ञान' हा शब्द कोणी नेहमींच्या अक्षरांनीं शोधला, तर ती पोथी त्याच्या हातीं लागणार नाहीं. वळणाचा भेद टाइपाकडे सोंपविला असता तर आम्हांस अधिक पसंत पडलें असतें. 'आ'च्या वेळचें औदार्य येथें कां आटलें, हें आम्हांस उमगत नाहीं. आतां शोधयंत्रें रचणारांनींच दोन्ही 'ज्ञ' आपल्या हातांनीं एकत्र बांधावे, आणि आमच्याकडील मंडळींनीं 'अ'पुढच्या सुट्या कान्याचीही तीच व्यवस्था लावावी.