जमीन, मालकी आणि लक्षणा : ‘सेकंड लाइफ’मधील एका शब्दव्यवहाराची चिकित्सा

१

आभासी जगात जमीन विकत घेणे वा भाड्याने देणे हा विषय अर्थशास्त्राचा, फार तर विधिशास्त्राचा. साहित्यसमीक्षेने त्याची दखल का घ्यावी, असा प्रश्न उपस्थित होणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर असे देता येईल, की या व्यवहारात हाती येणारी वस्तू फार मोठ्या प्रमाणात शब्दाने घडलेली असते. शेतजमिनीचा सौदा करणाऱ्यास ‘जमीन’ या शब्दाचा अर्थ लावत बसावे लागत नाही. बांधावर उभे राहून ती बोटाने दाखवता येते. आभासी जगात मात्र ‘जमीन’, ‘मालक’, ‘भाडे’ हे शब्द कोणत्या अर्थाने योजले आहेत, यावरच घेणाऱ्याला काय मिळाले हे ठरते. जेथे व्यवहारच अर्थनिर्णयनावर अवलंबून असतो, तेथे अर्थनिर्णयनाच्या शास्त्राने मौन पाळण्याचे कारण नाही.

प्रस्तुत लेखात उदाहरण म्हणून ‘सेकंड लाइफ’ हे आभासी जग घेतले आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या लिंडन लॅब या कंपनीने ते जून २००३ मध्ये सर्वांसाठी खुले केले. येथील ‘जमीन’ लाक्षणिक आहे, ‘भाडे’ मात्र वाच्यार्थानेच घ्यावे लागते, आणि कोणता शब्द कोणत्या पातळीवर वाचायचा हे ठरवण्याचा अधिकार व्यवहारातील एकाच पक्षाकडे राहिला आहे, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

२

प्रथम वस्तूचे स्वरूप पाहिले पाहिजे. सेकंड लाइफमध्ये भूमीचा एक ‘प्रदेश’ २५६ मीटर लांब व तितकाच रुंद असतो. म्हणजे त्याचे क्षेत्रफळ ६५,५३६ चौरस मीटर भरते. हा आकडा कोणत्याही भूमापनातून आलेला नाही. तो दोनचा सोळावा घात आहे, म्हणजे संगणकाच्या अंकगणितातून जन्मलेला आहे. नील स्टीफन्सन यांच्या ‘स्नो क्रॅश’ (१९९२) या कादंबरीने ‘मेटाव्हर्स’ हा शब्द रूढ केला. तीत कल्पिलेला महामार्गही ६५,५३६ किलोमीटर लांबीचा आहे. कादंबरीकाराने आणि अभियंत्यांनी एकच संख्या निवडावी, यामागे अनुकरण शोधण्याची गरज नाही. दोघांनाही भूमी यंत्राच्या मापाने मोजायची होती, एवढे लक्षात घेतले म्हणजे पुरे.

पायाखालचे हिरवे पृष्ठ हे संगणकाच्या क्षमतेतील एका वाट्याचे दृश्यरूप असते. ५१२ चौरस मीटरच्या तुकड्यावर पूर्वी ११७ मूलघटक मांडता येत. घर, झाड, खुर्ची यांची रचना त्या मर्यादेत बसवावी लागे. अर्थात घेणारा विकत घेतो ती वस्तू मांडण्याची अनुमती आणि यंत्राच्या श्रमातील हिस्सा. आरंभी कंपनी प्रत्येक वस्तूवर कर आकारीत असे. त्याविरुद्ध २००३ मध्ये रहिवाशांनी चहाच्या पेट्या रचून, बॉस्टन बंदरातील जुन्या घटनेचे विडंबन करीत निषेध केला. त्याच वर्षाच्या अखेरीस वस्तूंवरील कर गेला आणि आकारणी जमिनीवर आली. सेकंड लाइफमधील ‘जमीन’ ही आर्थिक कोटी या अर्थाने वसुलीच्या पद्धतीतील बदलातून उदयास आली. दृश्य म्हणून ती आधीपासून होतीच. मालमत्ता म्हणून तिला अर्थ आला तो आकारणीमुळे.

पुढे या आकारणीचे दोन थर पडले. ‘मुख्यभूमी’वरील तुकडा घेणारा थेट कंपनीला दरमहा देणे देतो. खाजगी प्रदेश घेणारा मात्र त्याचे तुकडे पाडून इतरांना देऊ शकतो. नोव्हेंबर २००६ मध्ये नव्या खाजगी प्रदेशासाठी आरंभी १,६७५ डॉलर आणि नंतर दरमहा २९५ डॉलर असा दर लागू झाला. याच वर्षी १ मेच्या ‘बिझनेसवीक’च्या मुखपृष्ठावर ॲन्शी चंग हे पात्रनाम धारण करणारी एक उद्योजिका झळकली. घाऊक भूमी घ्यावी, ती घडवावी, तुकडे पाडून कुळांना द्यावी, असा तिचा व्यवसाय होता. आभासी जगात जमीनदार कसा निर्माण होतो, याचे ते पहिले ठळक उदाहरण म्हणता येईल.

३

आता ‘मी सेकंड लाइफमध्ये जमीन घेतली’ या विधानाकडे वळू. भारतीय काव्यशास्त्राने लक्षणेच्या तीन अटी सांगितल्या आहेत : मुख्यार्थाचा बाध, मुख्यार्थाशी संबंध, आणि रूढी किंवा प्रयोजन. गंगेवर गवळीवाडा असल्याचे शास्त्रकारांचे ठरीव उदाहरण सर्वपरिचित आहे. प्रवाहावर वाडा उभा राहू शकत नाही, म्हणून ‘गंगा’ या शब्दाचा अर्थ ‘गंगेचा तीर’ असा घ्यावा लागतो. आणि ‘तीर’ असे सरळ न म्हणता ‘गंगा’ म्हणण्याचे प्रयोजन शैत्य व पावित्र्य सूचित करणे हे असते.

आपल्या विधानात मुख्यार्थाचा बाध उघड आहे. येथे माती नाही. संबंधही स्पष्ट आहे, आणि तो गंगेच्या उदाहरणातल्यासारखा सामीप्याचा नसून सादृश्याचा आहे. हा तुकडा सीमाबद्ध आहे, त्याला शेजार आहे, एकाने घेतल्यावर तो दुसऱ्याला घेता येत नाही, समुद्राकाठचा तुकडा आतल्या तुकड्यापेक्षा महाग पडतो. म्हणून ही गौणी लक्षणा. खरा प्रश्न प्रयोजनाचा आहे. ‘संगणकातील जागा’ असे न म्हणता ‘जमीन’ म्हणण्याने काय सूचित होते? स्थैर्य, वारसा, मूल्यवृद्धीची आशा, आणि ‘ही माझी’ असे म्हणण्याचा अधिकार. कंपनीचे जुने घोषवाक्यही जग ‘तुमचे’ आहे आणि कल्पनाही ‘तुमची’ आहे असेच सांगत होते. तीरावर राहणाऱ्याला गंगेचे शैत्य थोडेफार तरी लाभते. येथे जमिनीचे व्यंग्य गुण घेणाऱ्याला कितपत लाभतात, हे तपासावे लागेल.

त्याआधी ‘भाडे’ हा शब्द पाहू. तो कोणत्याही अंगाने लाक्षणिक नाही. लिंडन डॉलर हे चलन अमेरिकी डॉलरमध्ये बदलता येते आणि कंपनीचे मासिक देणे तर अमेरिकी डॉलरांतच असते. खाजगी प्रदेशात राहणाऱ्याने ठरल्या दिवशी भाडे भरले नाही, तर जमीनदार त्याच्या वस्तू उचलून त्याच्या खात्यात परत पाठवतो आणि तुकडा दुसऱ्याला देतो. शिवाय मधल्या जमीनदाराने कंपनीचे देणे थकवले, तर भाडे वेळेवर भरणाऱ्यांच्याही पायाखालून प्रदेश नाहीसा होतो. रहिवाशांच्या आपसांतील व्यवहारात कंपनी सहसा पडत नाही. एका वाक्यात ‘जमीन’ लक्षणेने आणि ‘भाडे’ अभिधेने वाचायचे, ही विषमता वाचकाच्या सहज ध्यानात येत नाही. कारण दोन्ही शब्द एकाच परिचित व्यवहारातून उचललेले आहेत आणि एकमेकांना विश्वासार्हता पुरवतात.

४

ही विश्वासार्हता निर्माण करणारा शब्दसंग्रहही तपासण्यासारखा आहे. तो अमेरिकी भूमीच्या इतिहासातून आला आहे. सोडून दिलेली जमीन ‘गव्हर्नर लिंडन’ या नावावर जमा होते. म्हणजे वसाहतीच्या काळातील सत्ताधीशाची पदवी कंपनीने आपल्या नावामागे लावली आहे. खाजगी प्रदेशाच्या अटींना ‘कॉव्हेनन्ट’ म्हणतात. घरे कशी असावीत, काय बांधू नये, हे त्यात लिहिलेले असते. अमेरिकेतील शहरांत याच नावाच्या अटींनी कृष्णवर्णीयांना कित्येक वस्त्यांतून दूर ठेवले होते. अशा अटींची अंमलबजावणी न्यायालये करू शकत नाहीत, असा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९४८ मध्ये ‘शेली विरुद्ध क्रेमर’ खटल्यात दिला. आभासी अटींत तो हेतू असतो असे येथे सुचवायचे नाही. शब्द मात्र आपला पूर्वेतिहास मागे टाकून येतो, आणि उरते ते ‘आपल्या वस्तीचा दर्जा राखू’ एवढे आश्वासन.

सर्वांत बोलका शब्द ‘होमस्टेड’ हा होय. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने अमेरिकेत १६० एकर भूमीवर पाच वर्षे राहून ती कसणाऱ्याला मालकी देऊ केली होती. ती भूमी मूळ रहिवाशांकडून हिरावलेली होती, ही त्या कायद्याची काळी बाजू. तरीही वास्तव्याने आणि श्रमाने मालकी सिद्ध होते, हे तत्त्व त्यात होते. सेकंड लाइफमध्ये २००८ च्या ऑक्टोबरात कमी क्षमतेच्या प्रदेशांचे मासिक देणे ७५ वरून १२५ डॉलर करण्याची घोषणा झाली. तीव्र निषेध झाल्यावर जी नवी श्रेणी काढण्यात आली, तिचे नाव ‘होमस्टेड’. ती घेण्यासाठी आधी एक पूर्ण खाजगी प्रदेश आपल्याकडे असावा, असा नियम ठेवण्यात आला. भूमिहीनासाठी योजलेला शब्द भूमिधारकासाठी राखून ठेवला गेला, आणि त्यातील राहून, कसून मालक होण्याचे तत्त्व तेवढे गळून पडले. मूळ रहिवासी नसलेली, म्हणून अपराधाची जाणीव न देणारी सरहद्द, हे या शब्दसंग्रहाचे एक सुप्त आकर्षण असावे, असे म्हणावेसे वाटते.

५

शब्दाची पातळी कोणी ठरवायची, हा प्रश्न न्यायालयापुढे आला तो २००६ मध्ये. ब्रॅग या पेनसिल्व्हेनियातील वकिलाने लिलावातील एक पळवाट वापरून स्वस्तात जमीन घेतली, असा कंपनीचा आक्षेप होता. कंपनीने त्याचे खाते गोठवले, जमीन काढून घेतली. त्याने दावा लावला. संस्थापक फिलिप रोझडेल यांनी जमिनीच्या मालकीविषयी केलेली जाहीर विधाने एका बाजूला होती. दुसऱ्या बाजूला होते करारपत्र. त्यात कोणत्याही कारणाने वा कारणाविना खाते बंद करण्याचा अधिकार कंपनीने स्वतःकडे ठेवला होता. साहित्याच्या परिभाषेत, एकाच निर्मात्याच्या या दोन संहिता होत्या. पहिली ‘मालकी’ हा शब्द अभिधेने वाचायला सांगत होती, दुसरी त्या वाच्यार्थाला आधार ठेवत नव्हती. पहिली मोठ्याने वाचली जाते, दुसरी न वाचताच स्वीकारली जाते.

मे २००७ मध्ये फेडरल जिल्हा न्यायालयाने करारातील लवादाची सक्ती अन्याय्य ठरवून ती लागू करण्यास नकार दिला, आणि रोझडेल यांच्या विधानांची गांभीर्याने दखल घेतली. मालकीचा मूळ प्रश्न मात्र निर्णयापर्यंत पोहोचला नाही. त्याच वर्षी तडजोड झाली. कंपनीने मालकीचे आश्वासन देऊन ते नंतर फिरवले, अशी तक्रार करणारा सामूहिक दावा २०१० मध्ये दाखल झाला. त्याचाही शेवट तडजोडीत झाला. त्याच वर्षीच्या सुधारित अटींत आभासी जमीन म्हणजे एक मर्यादित परवाना, हे स्पष्ट करण्यात आले. दृश्य जगात मात्र ‘जमीन’ आणि ‘खरेदी’ हे शब्द राहिलेच. करारपत्राने लक्षणा उलगडून दाखवली. पण ज्या प्रयोजनासाठी ती योजली होती, ते प्रयोजन कायम ठेवले.

६

यावर एक आक्षेप संभवतो. वास्तव जमिनीची मालकीही शेवटी कागदावरची नोंदच नव्हे काय? बोद्रियार यांच्या प्रतिपादनाचा आधार घेऊन, मूळ वस्तू कोठेच उरलेली नाही, सर्वत्र प्रतिरूपेच आहेत, असेही म्हणता येईल. दुसऱ्या दिशेने, मानवशास्त्रज्ञ टॉम बेलस्टॉर्फ यांनी ‘कमिंग ऑफ एज इन सेकंड लाइफ’ (२००८) या ग्रंथात आभासी जगाला स्थान म्हणून आणि तेथील संस्कृतीला संस्कृती म्हणून स्वतंत्रपणे अभ्यासले आहे. तेथील शेजार, स्नेह, घर सजवण्याचा आनंद खोटा नसतो, हे मान्यच केले पाहिजे. परंतु त्यावरून मालकीचा प्रश्न निकालात निघत नाही. उलट तो अधिक तीव्र होतो. जेथे माणसे खरोखर राहतात, तेथे त्यांच्या राहण्याला आधार कोणता, हे विचारावेच लागते. नोंद दोन्हीकडे असते हे खरे. तथापि सातबारा लिहिणारा, जमीन विकणारा, सारा घेणारा आणि वाद मिटवणारा हे सारे एकच खाजगी आस्थापन असते, ही स्थिती आभासी जगाची आहे.

या संबंधाला मराठीत काय म्हणावे, असा विचार केला तर हा भेद अधिक स्पष्ट होतो. ‘मालक’ हा शब्द हाताशी आहे, पण आपल्या भाषेने जमिनीशी असलेल्या नात्यांचे याहून बारीक भेद केले होते. पेशवाईतील गावगाड्यात मिरासदार आणि उपरी वेगळे होते. मिरासदाराचा हक्क वंशपरंपरेचा, विकता येणारा; गाव सोडून गेला तरी परत येऊन त्यावर दावा सांगता येणारा. उपरी कराराने कसणारा, मुदत संपली की उठणारा. सेकंड लाइफमधील भूमिधारक या कसोटीवर उपरी ठरतो. त्याने मोजलेली किंमत मात्र मिरासीची असते. आरंभी मोठी रक्कम, मग नियमित भाडे, आणि तो हक्क पुढे विकण्याची मुभा, ही रचना मुंबईकराला पागडीची आठवण करून देईल. तरी साम्य येथेच संपते. पागडीच्या भाडेकरूमागे भाडे नियंत्रणाचा कायदा उभा आहे. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने पागडी घेणे-देणेही वैध ठरवले. आभासी रहिवाशामागे, त्याने न वाचलेल्या करारपत्राखेरीज, फारसे काही नसते.

डिसेंट्रालँडसारख्या नंतरच्या जगांनी नोंदवही कंपनीकडून काढून साखळीबद्ध सार्वजनिक नोंदीत ठेवली. तेथील ९०,६०१ तुकड्यांची मालकी अशी नोंदवली गेली. नोव्हेंबर २०२१ मध्ये ११६ तुकड्यांचा एक संच सुमारे २४ लाख डॉलरना विकला गेला. पुढील वर्षापासून या बाजारातील किमती कोसळल्या. येथे शब्दाचा वाच्यार्थ एका पावलाने जवळ आला, हे नाकारता येणार नाही. नोंद आता कोणा एकाच्या मर्जीने पुसता येत नाही. तरीही नोंद ज्या जगाविषयी आहे, ते जग चालू ठेवणारी यंत्रे आणि तेथे येणारी माणसे त्या नोंदीत समाविष्ट नाहीत. मिरासपत्र सुरक्षित राहावे आणि गाव ओस पडावा, असा हा प्रकार होय.

लक्षणा हा भाषेचा दोष नव्हे; तिच्यावाचून कविता नाही आणि दैनंदिन बोलणेही नाही. कवितेत मात्र मुख्यार्थाचा बाध वाचक स्वतः ओळखतो आणि लक्ष्यार्थही स्वतः घेतो. येथे विक्रीच्या वेळी बाध झाकला जातो आणि वादाच्या वेळी तो पुढे केला जातो. अर्थाच्या पातळीची ही अदलाबदल मोजक्यांच्या हाती असणे, ही या व्यवहारातील सत्तेची खरी जागा आहे. ती दाखवून देण्यासाठी नवे शास्त्र शोधावे लागत नाही. अभिधा आणि लक्षणा यांचा भेद शिकवणाऱ्या आपल्या वर्गांत घोषवाक्य आणि करारपत्र ही दोन्ही शेजारी ठेवून वाचली गेली, तर त्या अध्यापनाची उपयुक्तता विद्यार्थ्यांना वेगळी सांगावी लागणार नाही.